दारू पिऊन गाडी चालवल्याची केस : कुठलं कलम लागलंय ते आधी बघा

घरातल्या कुणाला नाकाबंदीत पकडलं की घाबरून फोनाफोनी करण्याआधी कागदावर कलम कुठलं लिहिलंय ते वाचा, कारण सगळ्या केसेस सारख्या नसतात.

नुसतं पिऊन चालवलं, कुणाला लागलं नाही, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला, पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. दंड कोर्टात भरायचा असतो, रस्त्यावर कुणाच्या हातात पैसे देऊ नका. अटक झाली असेल तर वेळ लिहून ठेवा, २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. आणि मशीनमध्ये फुंकायला नाही म्हणून सुटका होत नाही हं, योग्य कारण नसेल तर तो नकारच कोर्टात विरोधात जातो.

कुणाचा जीव गेला तर मात्र सगळं बदलतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणा, ५ वर्षांपर्यंत. पण जीव जाऊ शकतो हे माहीत असून चालवली असं पोलिसांना वाटलं तर १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, तिथे जामीनही सहज नाही. मुंबईत २००६ साली कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गेले, त्यात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधच कायम ठेवला.

१०५ दिसलं की त्याच दिवशी फौजदारी वकील गाठा.