गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय? बूच मारायच्या आधी या चुका टाळा

गीझरखाली टपटप पाणी पडायला लागलं की घरातून पहिला सल्ला येतो, "त्याला एक बूच मारून टाका ना". सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी हीच सांगतो. टाकीतलं प्रेशर हद्दीबाहेर गेलं की पाणी बाहेर सोडायचं, एवढ्याच कामासाठी तो व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याचं तोंड बंद केलं आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट (पाणी हवं तेवढं तापलं की कॉइल बंद करणारा स्विच) अडकला तर कॉइल तापतच राहते, बंद टाकीतलं पाणी १०० अंशांच्या वर जातं पण दाबामुळे उकळत नाही, आणि मग टाकी कुठे फाटली की त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ साधारण १६०० लिटरच्या वर जागा मागते. टाक्या छत फोडून वर गेल्याच्या घटना खऱ्या आहेत, उगाच घाबरवत नाहीये. व्हॉल्व्हच्या पाइपला पुढे कॉक लावणं म्हणजे पण बूचच, फक्त दिसायला बरं.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. व्हॉल्व्ह गळतोय म्हणजे व्हॉल्व्ह खराब, असं धरून नवीन आणला, महिन्याभरात तो पण गळायला लागला, प्लंबर म्हणाला माल खराब असेल, दुसरा आणला, तो पण तसाच. मग कुठे डोक्यात आलं की पाणी नेमकं कधी पडतंय हे आपण एकदाही नीट बघितलेलं नाही. खाली एक मग ठेवा आणि दोन दिवस लक्ष द्या, अर्धं निदान तिथेच होतं.

फक्त गीझर चालू असताना ठिबकतंय आणि पाणी तापून झालं की थांबतंय, तर बहुतेक काही बिघडलेलंच नाही. पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत साडेतीनशे-चारशे मिली जास्तीचं पाणी. थंड पाण्याच्या लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर ते मागे जाऊ शकत नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार ना. एवढ्यासाठी कोणी व्हॉल्व्ह बदलायला निघाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. टाकी मोठी असेल आणि रोज बरंच पाणी पडत असेल तर थंड लाइनवर एक्सपान्शन टँक (फुगलेलं पाणी सामावून घेणारी, आत हवा भरलेली छोटी टाकी) बसवतात, फक्त त्यातली हवा लाइनच्या प्रेशरइतकी भरलेली पाहिजे, हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात टँकचा काही उपयोग झाला नाही.

गीझर बंद, पाणी थंड, तरी चोवीस तास ठिबकतंय? मग एकतर लाइनचं प्रेशर जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे आतली झडप जिथे टेकते तिथे, क्षाराचा खडा अडकलाय. प्रेशर गेज नळाला लावून बघा, आणि रात्री पण बघा, कारण रात्री कोणी पाणी वापरत नाही तेव्हा लाइनचं प्रेशर वाढतं. माझ्याकडे हेच निघालं, दिवसा सगळं ठीक आणि रात्री काटा वर. प्रेशर पंप असेल तर त्याचं सेटिंग आधी तपासा. लाइनवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावला की प्रश्न मिटतो, पण तो लावल्यावर लाइन मागून बंद झाल्यासारखी होते, म्हणजे वर सांगितलेलं फुगण्याचं ठिबकणं सुरू होऊ शकतं, तेव्हा परत घाबरू नका.

खडा अडकला असेल तर व्हॉल्व्हची दांडी दोन-चार सेकंद उचलून सोडा, धारेबरोबर कचरा निघून जातो. पण खाली बादली ठेवा आणि हात लांब ठेवा, ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं. वर्षानुवर्षं न हलवलेली दांडी उचलली तर व्हॉल्व्ह परत नीट बसेलच असं नाही, म्हणून नवीन व्हॉल्व्ह हाताशी असेल तेव्हाच हे करा. आणि पान्ह्याने आवळून आतली गळती थांबत नाही, उलट आटे जातात. आट्यांमधूनच पाणी येत असेल (कोरडं पुसून टिश्यू गुंडाळला की कळतं) तर गोष्ट वेगळी, ते टेफ्लॉन टेपचं काम.

कढत पाणी किंवा वाफ जोरात येत असेल तर मात्र बघत बसायचं नाही. मेन स्विच नाहीतर गॅस बंद करा, दांडीला हात लावू नका, टाकी पूर्ण गार होऊ द्या. हा थर्मोस्टॅटचा मामला आहे, मेकॅनिक येईपर्यंत परत चालू करून बघायचा मोह नको.

व्हॉल्व्ह खरंच बदलायचा असेल तर जुन्यावरचा आकडा वाचून तेवढ्याच प्रेशरचा आणा, "जास्त बारचा घेतला की गळणार नाही" हा हिशोब टाकीच्या जिवावर बेततो. काही टाक्यांना तापमान आणि प्रेशर दोन्हीवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण ९९ अंश आणि १० बारचा, त्याच्या जागी नुसता प्रेशरवाला बसवू नका. आणि त्याचा पाइप खाली उतरता, तोंड उघडं आणि डोळ्यांना दिसेल असा ठेवा, बेसिनच्या मागे लपवला तर पुढच्या वेळी गळतंय हे कळणार कसं.