ग्रँड केमनला जहाज थांबलं की किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग : या चुका टाळा

मायामीहून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझ कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर एक दिवस थांबतात. जहाजाच्या सहलींच्या यादीत स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत मासे बघायला, आम्हाला माणशी साठ-सत्तर डॉलर पडत होते. आम्ही चौघं होतो : नवरा, मी, सासूबाई आणि नाना, म्हणजे माझे सासरे. चौघांचा आकडा बघून आम्ही स्वतःच जायचं ठरवलं. निर्णय बरोबर होता, पण पहिल्या खेपेला अर्धा दिवस वाया गेला. दोन वर्षांनी जूनमध्ये परत गेलो तेव्हा तीच माणसं, तेच मास्क घेऊन, अगदी निवांत पोहून आली. मधल्या काळात आम्ही पोहण्यात काही तरबेज झालो नव्हतो. पाण्यात कुठून उतरायचं आणि उतरल्यावर पहिली दहा मिनिटं काय करायचं, एवढंच शिकलो होतो.

मासे बघून जागा निवडणं

ही सगळ्यात मोठी चूक. इंटरनेटवर शोधलं की ईडन रॉकचं नाव पहिलं येतं, कारण जॉर्जटाउनच्या, म्हणजे जहाजाचे प्रवासी उतरतात त्या राजधानीच्या, धक्क्यापासून ते दहाएक मिनिटांच्या चालीवर आहे. खडकातली भुयारं, हातभर लांब चंदेरी टार्पन माशांचे थवे, सगळं खरं आहे. पण तिथे काळ्या, धारदार चुनखडीच्या किनाऱ्यावरून शिडीने थेट समुद्रात उतरावं लागतं. उभं राहून मास्क नीट करायला पायाखाली वाळू नाही. सरावलेल्या माणसाला ती जागा उत्तम. पहिल्यांदा तोंडात नळी धरणाऱ्याला तिथे पहिल्याच मिनिटाला घाबरायला होतं, आणि एकदा घाबरलेला माणूस त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरत नाही. सासूबाईंचं तसंच झालं.

नवशिक्यांनी त्याच रस्त्याने दक्षिणेकडे आणखी पुढे जावं. चालत अर्धा ते पाऊण तास लागतो, टॅक्सीने काही मिनिटं. तिथे स्मिथ्स कोव्ह नावाची लहानशी खोबण आहे, पाटीवर तिचं नाव स्मिथ्स बार्काडेर असं दिसेल. आत यायला पैसे पडत नाहीत. झाडांची सावली आहे, स्वच्छतागृह आहे, अंघोळीला शॉवर आहे. मधोमध वाळू आणि दोन्ही बाजूंना खडक. कमरेइतक्या पाण्यात वाळूवर उभं राहून तयारी करा आणि मग खडकाच्या कडेकडेने हळूहळू सरका. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर, निळे टँग, प्रवाळ कुरतडणारे पॅरटफिश खडकाजवळच दिसतात. कान देऊन ऐकलंत तर पॅरटफिशच्या दातांचा कुरकुर आवाजही येतो.

जॉर्जटाउनच्या उत्तरेचा सेव्हन माइल बीच प्रसिद्ध आहे म्हणून लोक मास्क घेऊन तिथे मधेच कुठेतरी उतरतात आणि तासभर नुसती वाळू बघून परततात. मासे खडक आणि प्रवाळाच्या आधाराने राहतात, मोकळ्या वाळूवर नाही. त्या बाजूला जायचंच असेल तर उत्तर टोकाचा सेमेटरी बीच गाठा. जॉर्जटाउनच्या सार्वजनिक वाचनालयाजवळच्या थांब्यावरून निळ्या नंबरप्लेटच्या मिनीबस सुटतात. तिथलं प्रवाळ मात्र किनाऱ्यापासून बरंच आत आहे, त्यामुळे आत्मविश्वासाने पोहता येत असेल तरच.

भरती-ओहोटी बघणं आणि वारा न बघणं

कोकणातल्या माणसाला समुद्र म्हटला की भरतीची वेळ आठवते. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट. इथे बघायचा तो वारा. एरवी वारा पूर्वेकडून येतो, म्हणून जॉर्जटाउनचा पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत असतो. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अधूनमधून वायव्येचा वारा सुटतो आणि हाच किनारा खवळतो. तेव्हा प्रवाशांना किनाऱ्यावर आणणाऱ्या जहाजाच्या लहान बोटी दक्षिणेच्या स्पॉट्स धक्क्यावर लावतात. जहाजावर ‘आज स्पॉट्स’ अशी घोषणा झाली तर पश्चिमेकडच्या सगळ्या जागा त्या दिवसापुरत्या सोडून द्या, स्मिथ्स कोव्हसुद्धा.

मास्क गळतो म्हणून पट्टा आवळणं

मास्कमध्ये पाणी शिरलं की हात आपसूक पट्ट्याकडे जातो. पट्टा जितका आवळाल तितकी सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. मास्क बरोबर आहे की नाही हे दुकानातच कळतं : पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. जागेवर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा बघा, किंमत कितीही असो.

माप बरोबर असूनही गळत असेल तर कारण बहुधा या तिघांतलं एक असतं. कडेखाली अडकलेले केस, कपाळावर थापलेलं सनस्क्रीन, नाहीतर मिशी. नानांची मिशी भरघोस आहे आणि ती काढायला ते तयार नव्हते. शेवटी नाकपुड्यांच्या लगेच खालची बोटभर पट्टी तेवढी बारीक कातरली आणि गळती जवळजवळ थांबली. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर बसला पाहिजे. मानेवर उतरला की मास्क खालून उघडतो.

काचेवर वाफ धरणं ही वेगळी तक्रार. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. घरीच साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून दोन-तीनदा चोळून धुवा. पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवून हलकं विसळा, किंवा थुंकी लावा, तीही तितकीच चालते. थांबल्यावर मास्क कपाळावर चढवू नका : अंगाच्या उष्णतेने काच पुन्हा धुरकटते, आणि लाटेने मास्क गेलाच तर सापडत नाही. काढायचा तर गळ्यात खाली ओढा.

चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे तयार मास्क मिळतात. सासूबाई पहिल्या खेपेला घाबरल्या त्याचं अर्धं कारण हेच होतं. त्यांना खाली काही दिसतच नव्हतं. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. आत पाणी शिरलं किंवा दम लागला तर ते पटकन काढता येत नाहीत.

‘मालवणात केलंय’ असं म्हणून उतरणं

मालवण-तारकर्लीला बोट तुम्हाला जागेवर नेते, रिंगला धरून ठेवते, आणि गाइड शेवटपर्यंत सोबत असतो. किनाऱ्यावरून स्वतः जाताना यातलं काहीच नसतं, स्मिथ्स कोव्हला जीवरक्षकही नाही. नाना मालवणच्या भरवशावर गेले आणि पाच मिनिटांत धापा टाकत उभे राहिले.

चूक श्वासाची होती. नळीतून भराभर उथळ श्वास घेतला तर नळीतली वापरलेली हवाच आत-बाहेर होत राहते आणि दम लागतो. श्वास सोडताना तो पूर्ण सोडा, घेताना सावकाश घ्या. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, वाकून, नुसतं तोंड पाण्यात घालून पाच मिनिटं एवढंच करा. मग नळीत मुद्दाम पाणी भरून जोरात ‘फू’ करून बाहेर काढा, तीनदा. हे जमल्याशिवाय पाय उचलू नका. नळीला वर झडप असेल तर मान फार वाकवल्यावर ती बंद होते आणि हवा अचानक थांबते. नजर सरळ खाली, जराशी पुढे ठेवली की हे होत नाही.

साठीच्या पुढच्यांनी, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नळीतून श्वास घेत पोहणं दिसतं त्यापेक्षा कष्टाचं असतं. दम लागला की ‘आणखी थोडं’ नाही : उभे राहा, नळी काढा, बाहेर या. मदत लागली तर बेटावरचा आपत्कालीन क्रमांक ९११. पोहता न येणाऱ्याने फुगवायचं जाकीट घालूनसुद्धा पाय टेकतील एवढ्याच पाण्यात राहावं. सासूबाई दुसऱ्या खेपेला अख्खा तास कमरेइतक्या पाण्यात तोंड घालून होत्या आणि मासे मोजत होत्या.

एकाने सामान राखणं, एकाने एकटं पोहणं

जोडप्यांची ही नेहमीची चूक. सामान सांभाळण्यासाठी पाण्यातली जोडी मोडू नका. राखावं लागेल असं सामानच आणू नका. पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत राहू द्या. जहाजाचं कार्ड, एक ओळखपत्र आणि थोडी रोकड गळ्यातल्या जलरोधक पाकिटात मावते. जहाजावरची फळं आणि सँडविच किनाऱ्यावर न्यायला मनाई असते. आम्ही बंद पाकिटातला चिवडा नेला होता.

पायाखाली आणि हाताशी

प्रवाळावर उभं राहू नका, हातही लावू नका. दगड वाटला तरी तो जिवंत आहे, बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. केमनमध्ये १९८६पासून सागरी उद्यानं आहेत. तिथून शिंपलासुद्धा उचलायचा नाही. २०२०मध्ये इथे दगडी प्रवाळांना मारणारा रोग आढळला, त्यामुळे उरलेलं जपणं आता आणखी गरजेचं झालंय. फायर कोरलला नुसता स्पर्श झाला तरी आग होते. काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन खडकाच्या फटीत असतात, आणि झालरीसारख्या परांच्या लायनफिशचे काटे विषारी असतात. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला : खाली पाकट (स्टिंगरे मासा) असेल तर ती आधीच सरकून जाते.

पाठ आणि पोटऱ्या उन्हाने सर्वात आधी भाजतात. क्रीम थापण्यापेक्षा पोहण्याचा लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला, सुती नको, तो पाण्यात जड होतो. फिन्स, म्हणजे पायात घालायचे वल्ह्यासारखे पंजे, पाण्यात बसून चढवा. चढवून चालायचंच असेल तर उलटं चाला. प्रवाह जाणवत असेल तर आधी त्याच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे थकल्यावर परतताना तोच मदतीला येतो.

कुठला डॉलर, हे न विचारणं

केमनचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे. दुकानात १० केमन डॉलर म्हणजे साधारण साडेबारा अमेरिकन. फिन्सचं भाडं आणि टॅक्सी ठरवण्याआधी विचारा. मास्क आणि नळी घरूनच आणा. रस्ता ओलांडताना लक्षात ठेवा, इथे गाड्या डावीकडून चालतात. अमेरिकेत राहणारे आम्ही चुकीच्या बाजूला बघत होतो, नाना-सासूबाई मात्र बरोबर बाजूला.

फोनच्या घड्याळावर विसंबणं

केमनमध्ये वर्षभर एकच वेळ असते. उन्हाळ्यात मायामीची घड्याळं तासभर पुढे असतात, पण फोन बेटावर उतरताच आपोआप तासाने मागे जातो. काही जहाजं बेटाची वेळ लावतात, काही मायामीचीच ठेवतात. पहिल्या खेपेला आमच्या फोनवर दोन वाजले होते, जहाजावर तीन. इथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीने परतावं लागतं आणि तिथेही रांग असते. स्वतः गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. सुदैवाने सासूबाईंच्या मनगटावर जहाजाची वेळ लावलेलं साधं घड्याळ होतं. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट सुटायला बारा मिनिटं उरली होती. आता आम्ही उतरण्याआधी जहाजाच्या दारातल्या घड्याळाचा फोटो काढतो आणि शेवटच्या बोटीच्या दीड तास आधी पाण्याबाहेर येतो.