साबण चांगला, पण पोस्ट पोचत नाही? हॅशटॅगच्या या चुका टाळा

मोहाच्या बियांचं तेल, संत्र्याची वाळवलेली साल, वायगावची हळद. असा माल हाताशी असलेल्या बचत गटाने साबण उत्तम केला, फोटोही छान काढला, तरी लाइक फक्त नातेवाइकांचेच येत असतील, तर आधी इन्स्टाग्रामवरच्या पोस्टखालची हॅशटॅगची, म्हणजे # लावून लिहिलेल्या शब्दांची, रांग तपासा.

उचललेला गठ्ठा

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होतं. कुणाच्या तरी पोस्टवरून ब्युटी, इंडिया, लव्ह असे टॅग गठ्ठ्याने कॉपी करायचे आणि प्रत्येक फोटोखाली तेच चिकटवायचे. या टॅगखाली सतत इतक्या पोस्ट पडतात की तुमच्या साबणाच्या वडीची पोस्ट लगेच खाली जाते. शिवाय दूरच्या राज्यातल्या कुणाला ती दिसली, तरी एका वडीसाठी तिच्या किमतीपेक्षा जास्त टपालखर्च कोण करणार? वरुडच्या गटाला अमरावती, नागपूर, यवतमाळचं गिऱ्हाईक हवं. म्हणून टॅग निवडताना तीनच गोष्टी बघा: माल कुठे मिळतो, त्यात काय आहे, तो कशासाठी घेतला जातो. #अमरावती #संत्रासाबण #हातानेकेलेलासाबण #दिवाळीभेट एवढे पुरतात. इन्स्टाग्रामनेही २०२१ मध्ये तीन ते पाच टॅग वापरण्याचाच सल्ला दिला होता.

टॅग तुटतो कुठे?

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. ‘#संत्रा साबण’ लिहिलं की टॅग फक्त ‘संत्रा’चा होतो आणि तुमची वडी बागायतदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पोस्टमध्ये जाऊन पडते. मधल्या आडव्या रेघेनेही तो तुटतो. शब्द वेगळे दाखवायचेच असतील तर खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर वापरा. ‘वऱ्हाडी’सारख्या जोडाक्षराच्या शब्दावर जास्त लक्ष द्या, कारण काही कीबोर्ड त्यात न दिसणारं चिन्ह घालतात. पोस्ट टाकल्यावर टॅगवर बोट ठेवा, पूर्ण शब्द उघडतो का ते बघा. गटाच्या नावाचा टॅग एकदा ठरवला की वेष्टनावर, पिशवीवर, पोस्टमध्ये तसाच्या तसा ठेवा.

तरीही दिसत नसेल तर अकाउंट प्रायव्हेट आहे का ते बघा. प्रायव्हेट असेल तर तुमच्या फॉलोअरशिवाय कुणालाही ती पोस्ट टॅगमधून सापडणार नाही. व्हॉट्सॲप स्टेटसवर तर हॅशटॅग घालूच नका. तिथे त्यातून नवं गिऱ्हाईक येत नाही. त्या जागी भाव आणि फोन नंबर लिहा.

उशिरा टाकलेला टॅग

अभ्यंगस्नानाच्या साबणाची पहिली पोस्ट वसुबारसेला टाकून काय उपयोग? थंड पद्धतीने, म्हणजे साबण न शिजवता, केलेली वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीचा साबण गणपतीच्या सुमारास साच्यात पडलेला असतो. तेव्हापासूनच साच्याचे, वड्या कापतानाचे, वाळत ठेवलेल्या फळीचे फोटो #अभ्यंगस्नान या टॅगखाली टाकत राहा, म्हणजे खरेदीची वेळ येईपर्यंत लोकांना तुमचं नाव ओळखीचं झालेलं असेल.

रोग बरा करणारे टॅग

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. #पांढरेडाग किंवा #कोडावरउपाय असे टॅग साबणाला लावू नका. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यात कोडावर इलाज असल्याची जाहिरात करायला मनाई आहे, आणि त्रासलेला माणूस अशा शब्दावर विश्वास ठेवून डॉक्टरकडे जायचं टाळतो. कायद्याने साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. विक्रीसाठी तो बनवायचा तर परवाना लागतो; जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात चौकशी करूनच जाहिरातीला लागा. टॅगमध्ये घटक सांगा: कडुलिंब, हळद, करंज.

आणि सगळा भार हॅशटॅगवर टाकू नका. डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने हॅशटॅग फॉलो करण्याची, म्हणजे आवडत्या टॅगच्या पोस्ट आपोआप समोर येण्याची, सोयच काढून टाकली. आता लोक शोधतात ते साध्या शब्दांनी. त्यामुळे फोटोखाली आधी दोन सरळ मराठी वाक्यं लिहा: साबणात कोणती तेलं आहेत, वडी किती ग्रॅमची, किंमत किती, कोणत्या गावाहून पाठवता, बाजाराच्या दिवशी कुठे बसता. टॅग त्यानंतर. नवीन ऑर्डर आली की ‘आमचं कुठे पाहिलंत?’ असं विचारून उत्तर वहीत लिहा. ज्या टॅगवरून कुणीच येत नाही, तो पुढच्या पोस्टमधून काढून टाका.