नेटिव्ह की फ्लटर? ठरवताना या चुका टाळा

नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडसाठी कॉटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट अशा वेगळ्या भाषांत लिहिणं; फ्लटरमध्ये एकाच कोडवरून दोन्हींचं काम होतं. "फ्लटर शिकू की कॉटलिन?" असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, अ‍ॅपला फोनमधलं काय काय वापरायचंय? ब्लूटूथ, कॅमेरा, बॅकग्राउंड लोकेशन? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. फ्रेमवर्क (फ्लटरसारखा तयार सांगाडा) मात्र व्हिडिओ बघून ठरलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "प्लगइन (फोनची एखादी सोय जोडून देणारा तयार कोड) आहे ना, मग झालं!" एका दूध संकलन केंद्राचं फ्लटर अ‍ॅप माझ्याकडे दुरुस्तीला आलं. दूध मोजलं की ब्लूटूथ प्रिंटरवर पावती निघायची. प्लगइन कुणीतरी हौसेनं लिहून वाऱ्यावर सोडलेलं. नोव्हेंबर 2022 पासून प्ले स्टोअरनं अपडेटसाठी टार्गेट एपीआय 31 (म्हणजे अँड्रॉइड 12 च्या नियमांनुसार चालण्याची खूण) सक्तीचं केलं, म्हणून टीमनं नुसता आकडा बदलून अपडेट सोडलं. त्या टार्गेटला अँड्रॉइड 12 वर ब्लूटूथची वेगळी परवानगी वापरणाऱ्याकडून घ्यावी लागते. जुनं प्लगइन ती मागतच नव्हतं. प्रिंट दाबलं की सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची एरर), अ‍ॅप बंद. ऑफिसातल्या, अँड्रॉइड 12 च्या आधीच्या जुन्या फोनांवर सगळं सुरळीत, त्यामुळे दोष तिथे दिसेचना. इकडे पहाटे किटल्या घेऊन रांग लागलेली आणि पावत्या हातानं लिहिणं चालू. शेवटी प्रिंटरचा भाग कॉटलिनमध्ये लिहून मेथड चॅनलनं (फ्लटर आणि नेटिव्ह कोडमधला दुवा) जोडला. बाकी अ‍ॅप फ्लटरमध्येच ठेवलं. फॉर्म आणि याद्यांसाठी ते उत्तमच आहे.

मी पहिली स्क्रीन करण्याआधी सगळ्यात अवघड काम रिकाम्या अ‍ॅपमध्ये, स्वस्तातल्या आणि नव्या अशा दोन्ही फोनांवर चालवून बघतो. प्लगइनमध्ये शेवटचा बदल कधी झाला, गिटहबवर (प्लगइनचा कोड ठेवलेला असतो ती साइट) किती तक्रारी तशाच पडून आहेत, हेही वाचतो. घाईतली मुलं नेमका हाच वेळ वाचवतात, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

"एकदा लिहिलं की दोन्हीकडे चालतं" म्हणून फक्त विंडोज लॅपटॉपवर आयफोनचं काम अंगावर घेऊ नका. बिल्डला मॅक आणि एक्सकोड हे त्यावरचं सॉफ्टवेअर लागतं, अ‍ॅप स्टोअरसाठी वर्षाला 99 डॉलर.

एअरबीएनबीनं 2018 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (फ्लटरसारखंच एक फ्रेमवर्क) सोडलं, म्हणून अशी फ्रेमवर्क नकोतच, हा दाखला आता पुरे. 2024 च्या 0.76 आवृत्तीपासून तिथे नवं आर्किटेक्चरच (आतली रचना) डीफॉल्ट आहे.

उलट चूकही होते: चार फॉर्म आणि एक यादी, त्यासाठी कॉटलिन आणि स्विफ्टच्या दोन वेगळ्या टीम. हा क्लायंटच्या पैशांचा चुराडा आहे.

आणि झामरिन या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमधलं जुनं अ‍ॅप हातात आलं, तर नवं फीचर घालण्याआधी स्थलांतराचं बोला. झामरिनचा सपोर्ट 1 मे 2024 रोजी संपला.