अमेरिकेतल्या सॅन होजेच्या सिटी कौन्सिलपुढे (म्हणजे नगरसेवकांच्या सभेपुढे) दोन मिनिटांत बोलायचं कसं

पहिल्या खेपेला माईकपुढे गेले आणि सवयीनं सुरुवात केली: नमस्कार, मी साताऱ्याची, ३२ वर्षं बँकेत होते, मुलानं इकडे आणलं, आपण सगळे किती काम करता... वेळ संपली. ज्येष्ठांच्या दुपारच्या जेवणाचे पैसे घटणार होते, ते सांगायला गेले होते. जेवणाचा ज सुद्धा निघाला नाही. म्हणून आधी हेच सांगते. पहिलं वाक्य मागणीचं. ‘विषय अमुक नंबरचा, एवढे पैसे कापू नका.’ नाव, गाव, आभार वेळ उरली तर. कायद्यानं तर नाव सांगायचीही सक्ती नाही, आणि नागरिकत्वही लागत नाही. मी ग्रीन कार्डावर बोलले.

वेळ साधारण दोन मिनिटं, गर्दी असली की एकच. घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

इंग्रजीला घाबरत असाल तर मराठीत बोला. खरंच. कॅलिफोर्नियाचा ब्राउन अ‍ॅक्ट म्हणून १९५३चा कायदा आहे, सगळ्या सभा त्यावर चालतात. दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यायला तो सांगतो. दुसऱ्या खेपेला मी सूनबाईंना शेजारी उभं केलं. मी एक वाक्य, ती एक वाक्य. घाई नाही, धाप नाही.

सभा मंगळवारी दुपारी दीडला. विषयपत्रिका निदान ७२ तास आधी लावावीच लागते, ती वाचल्याशिवाय जाऊ नका. त्यात ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाचा गठ्ठा असतो, त्यातले सगळे विषय एका मतात मंजूर. ज्येष्ठांचं जेवण वगैरे चालवणाऱ्या आपल्या संस्थेचा शहराशी असलेला करार बहुतेकदा तिथेच सापडतो. तो विषय पुकारला की लगेच उठायचं, चहाला गेलात तर गेला. विषयपत्रिकेबाहेरचं बोलता येतं, पण त्यावर त्या दिवशी निर्णय घेता येत नाही. नुसतं ऐकून घेतात.

आता पैसे. इथे माझी बँक कामाला आली. संस्थांना मिळणारे पैसे एकाच पेटीतून येत नाहीत. एक शहराचा जनरल फंड, म्हणजे शहराची स्वतःची सर्वसाधारण तिजोरी. दुसरी केंद्राकडून येणारी कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, १९७४च्या कायद्यातली. या दुसऱ्या पेटीतून जेवण, निवारा, कायद्याचा सल्ला अशा सेवांवर साधारण १५ टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. म्हणजे तिथे ‘आम्हाला जास्त द्या’ म्हणालात की शेजारच्या पानातली पोळी उचलून तुमच्या पानात येते, आणि शेजारची संस्था तुमच्या मागेच रांगेत उभी असते. मला हे ठाऊक नव्हतं, मागून एका बाईंनी बरोबर ऐकवलं. म्हणून आपल्या संस्थेच्या हिशेबनीसाला आधी विचारा, आपले पैसे कुठल्या पेटीतले. मगच मागणी लिहा.

आणि वेळेवर जा. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. महापौरांचा बजेटचा संदेश मार्चमध्ये येतो, जूनमध्ये बजेट मंजूर होतं. जूनमध्ये रडून उपयोग नाही, तोवर आकडे बसलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या वॉर्डाच्या कौन्सिल मेंबरच्या ऑफिसात जाऊन या. इथे वॉर्डाला डिस्ट्रिक्ट म्हणतात. दहा आहेत, अकरावं मत महापौरांचं.

पोलिसांवर देखरेखीचा विषय मला आधी कळलाच नव्हता. आपल्याकडे पोलीस राज्याचे, नगरसेवकाला कोण विचारतो? इथे पोलीस खातं शहराचं, आणि त्यावर ‘इंडिपेंडंट पोलीस ऑडिटर’ आहे, पैशांचा नव्हे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या चौकशीचा तपासनीस. हे पद १९९३ला निर्माण झालं, १९९६ला मतदारांनी ते शहराच्या चार्टरमध्येच, म्हणजे शहराच्या घटनेतच घातलं. नेमणूक थेट कौन्सिल करतं, चार वर्षांसाठी, आणि मधेच काढायचं तर अकरातली दहा मतं लागतात. २०१० ते २०१५ लाडोरिस कॉर्डेल या निवृत्त न्यायाधीश बाई त्या जागेवर होत्या.

नेमणुकीवर बोलायचं तर एक चूक टाळा. ती चर्चा बंद दाराआड होते. मी आपली दोन तास बाहेर बसले, मग कळलं की लोकांनी बोलायचं ते दार बंद होण्याआधी. काय मागायचं तेही नीट ठरवा. ‘त्या पोलिसाला काढा’ हे ऑडिटरच्या हातात नाही. खात्याची अंतर्गत चौकशी नीट झाली का, हे तो तपासतो. पटलं नाही तर प्रकरण आधी पोलीस प्रमुखांकडे, मग सिटी मॅनेजरकडे, म्हणजे शहराचा कारभार बघणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याकडे नेतो. म्हणून मी असं विचारलं: नवा ऑडिटर किती वेळा ‘पटलं नाही’ म्हणायची हिंमत दाखवेल, आणि आमच्यासारख्या, इंग्रजी अडखळणाऱ्या म्हातारीची तक्रार कोण लिहून घेईल? दोघंतिघं मान वर करून बघायला लागले. आकडेवारीनं एवढं झालं नसतं.

जाणं जमणार नसेल तर ईमेल पाठवा, तेही विषयाच्या नंबरासकट. मात्र ते पत्र सगळ्यांना वाचता येतं, म्हणून खाली फोन नंबर घालू नका. मी घातला होता. अजून विमेवाल्यांचे फोन येतात.