नागपुरात फॅमिली डॉक्टर व्हायला येताय?

कोल्हापूर-सांगलीकडून एमबीबीएस उरकून आलेली मुलं भेटली की आधी खोलीचं विचारतात. मीही तिकडचाच, म्हणून सांगतो: पोस्टिंग मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजला असेल तर हनुमाननगर किंवा अजनी बघा. एम्स मिहानकडे, म्हणजे पार शहराबाहेर. आणि कूलरशिवाय खोली घेऊ नका, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो.

आता कोर्सचं. नीट-पीजीतून डीएनबी (एमडीसारखीच पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिन 3 वर्षांचं, थिसिससह. डिप्लोमा 2 वर्षांचा. एमडीच्या जागा देशभरातच मोजक्या, तिच्या भरवशावर वर्ष घालवू नका. प्रॅक्टिस आधीच चालू असेल तर वेल्लोरच्या सीएमसीचा (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा) 2 वर्षांचा दूरशिक्षण कोर्स आहे. त्याने हात सुधारतो, पण तो डीएनबीच्या तोडीचा नाही. मला विचाराल तर डीएनबीच करा. फक्त पसंतीक्रम भरण्याआधी तिथल्या रेसिडेंटला गाठून एवढं विचारा: बालरोग, प्रसूती, सर्जरीच्या पोस्टिंग खरंच मिळतात, की तीन वर्षं आयसीयूच्या नाईटला जुंपतात? काही ठिकाणी दुसरंच चालतं.

आपल्याकडे सहसा न दिसणारं इथे रोज दिसतं. सिकलसेल त्यात पहिला, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. मूल सारखं हातपाय दुखतात म्हणतंय, डोळे पिवळसर आहेत, एचबी (हिमोग्लोबिन) वर येत नाही, तर आयर्नची बाटली लिहून मोकळे होऊ नका. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या पक्क्या तपासण्यांनीच ठरतं. आई-बाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याचा 25 टक्के धोका असतो. हे लग्नाआधी सांगणारा माणूस घरोघरी एकच असतो, आणि ते काम तुमच्याकडे येणार. मुलीकडच्यांना कळू देऊ नका अशी गळ घालायला कुणीतरी काका येतोच, त्याची तयारी ठेवा.

पावसाळ्यानंतरच्या तापात डेंग्यू-मलेरियाच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. कपडे बाजूला करून काख, जांघ बघा. काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) समजून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू करा. 2018 साली नागपुरात याची मोठी साथ येऊन गेली. खपली नाही म्हणून स्क्रब नाही, असं मात्र नसतं.

हिंदी बोलायला लाजू नका. छिंदवाडा, बालाघाटचे पेशंट इथेच येतात.

कोर्स संपल्यावर लगेच पाटी लावू नका. महाल, इतवारीत तीन पिढ्यांचे पेशंट सांभाळणारे जुने डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे वर्षभर संध्याकाळी बसा. कुणाला तपासणी लिहायची आणि कुणाला नुसतं दोन दिवसांनी बोलवायचं, ते तिथे कळतं. बसण्याआधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघून घ्या, ते दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला येतं आणि त्यासाठी लागणारे क्रेडिट पॉइंट (परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे) ऐन वेळी गोळा होत नाहीत.