मुलांना चांगल्या सवयी लावायच्यात? एकावेळी एकच धरा

सगळं एकदम सुरू करू नका, लवकर उठणं, व्यायाम, कचरा वेगळा करणं, मोबाईल बंद, असं सगळं सोमवारपासून ठरवलं की गुरुवारपर्यंत घरात नुसती कटकट सुरू होते. एकच सवय घ्या आणि ती आधीच रोज होणाऱ्या कामाला जोडा. म्हणजे शाळेतून आल्यावर बूट काढले की लगेच हात धुवायचे, साबण लावून निदान २० सेकंद, आणि साबण चोळताना नळ बंद. आरोग्य आणि पाणी दोन्ही त्यातच आलं.

माझ्या मते सुरुवात झोपेपासून करावी, कारण झोप झाली नाही की मूल सकाळी चिडतं, नाश्ता नको म्हणतं आणि मग बाकीचं सगळंच बिघडतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, सगळ्यांचे म्हणजे आईबाबांचे पण, नाहीतर मुलं ऐकणारच नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

ताटात आधी थोडंच वाढा, हवं तर परत घेऊ दे. अन्न वाया जात नाही आणि पोट भरलं की थांबायचं हेही मुलाला कळतं.

दिवसाला ६० मिनिटं हालचाल हवी, पण ती सलग नसली तरी चालते, शाळा जवळ असेल तर चालत जा, बाकी खेळू दे.

एखादा दिवस चुकला तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी परत सुरू करा.